पदरावरचं राजचिन्ह

खानदेशाला स्वतःचा झेंडा नाही, हे मला एकविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा काही वाटलंही नाही. वाटलं ते सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या खानदेशी मंडळाला. चौऱ्याण्णवच्या प्लेगला तीन वर्षं होऊन गेली होती. त्या वेळी मिळेल त्या गाडीने गावाकडे पळालेली माणसं एकेक करून परतली होती, कापड विणणारे लूम पुन्हा खडखडत होते, आणि सुरत इतकी लख्ख झाली होती की गावाहून आलेला माणूस स्टेशनाबाहेर घटकाभर नुसता उभा राहायचा. परतलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी विचारलेलं असायचं, तुम्ही नेमके कुठले? महाराष्ट्रातले म्हटलं की समोरचा मुंबईच्या गोष्टी काढायचा. खानदेश म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही.

मिरवणुकीत भगवा असायचाच. पण तो दिसला की बाजारातला एखादा दुकानदार गादीवरूनच हसून म्हणायचा, “अल्या, पाछा लूंटवा आव्या के?” तीनशे वर्षांपूर्वीची सुरतेची लूट अजून आमच्या खात्यावर होती. आमच्या म्हणजे कोणाच्या? बारा तास लूमवर उभं राहून पायाच्या शिरा फुगलेल्या माणसांच्या. दुकानदार वाईट नव्हता, तो खरंच विनोद करत होता. विनोद दर वर्षी तोच असायचा, एवढंच.

तर मंडळाने ठरवलं की या श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीपुढे खानदेशाचा वेगळा झेंडा चालेल आणि त्यावर राजचिन्ह असेल. कानबाई म्हणजे आमच्याकडचा सगळ्यांत मोठा सण. रविवारी नारळाची देवी मांडायची आणि सोमवारी सकाळी डोक्यावरून वाजतगाजत पाण्यापर्यंत न्यायची. आमची मिरवणूक कालव्यावर जायची. झेंडा काढायचं काम ट्रेसर काकांकडे आलं आणि झेंड्याची माहिती सांगणारं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे.

माझ्याकडे ते का आलं, ते सांगते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे बाबा लूम चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या सभेला जायचे. येताना हातात पत्रक असायचं. संपाचं, दारूबंदीचं, बुवाबाजीच्या विरोधातलं, पिण्याच्या पाण्याचं, हुंड्याचं. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. शाळेच्या वह्यांना कव्हरं त्यांचीच होती, त्यामुळे गणिताच्या वहीवर ‘जागे व्हा’ आणि भूगोलाच्या वहीवर ‘किती दिवस सहन करणार?’ लिहिलेलं असायचं. पत्रकाच्या शेवटी खाली कोणाचं तरी नाव असतं, म्हणजे कोणीतरी त्या ओळींना जबाबदार असतं, हे मी लहानपणीच शिकले. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले. वस्तीत दिवाबत्ती हवी, गटार झाका, कारखान्यात हात गेलेल्या माणसाला भरपाई द्या. दोन-तीन वेळा खरंच काही झालं. त्यामुळे मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं की ही पोरगी झेंड्याबद्दलही लिहील. अध्यक्ष मजुरांचे ठेकेदार होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही.

ट्रेसर काका आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. बमरोलीच्या एका छपाई मिलमध्ये ते ट्रेसिंग करायचे. साडीवर जितके रंग तितक्या फिल्म लागतात. मूळ चित्रातला लाल तेवढा एका फिल्मवर, हिरवा तेवढा दुसरीवर, असं काळ्या शाईने बारीक ब्रशने उतरवायचं, आणि मग प्रत्येक फिल्मवरून जाळीची एक फ्रेम बनते, तिच्यातून रंग कापडावर उतरतो. खालून ट्यूबलाईट लावलेल्या काचेच्या टेबलावर वाकून त्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेली फुलं उतरवली होती. फूल काढणाऱ्याचं नाव कुठे नसतं, मग उतरवणाऱ्याचं कुठून असणार? डोळे नेहमी लाल. चष्म्याच्या काचा जाड. स्वतःचं म्हणून त्यांनी आयुष्यात काढलेलं पहिलं चित्र म्हणजे हा झेंडा.

तो त्यांनी मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा घरात जमिनीवर पसरला होता आणि काकू हातात लाटणं घेऊन बाजूला उभ्या होत्या, कारण पाय ठेवायला जागा नव्हती.

“हाई देख व पोरी,” काका म्हणाले. घरात ते अहिराणीच बोलायचे.

हळदीच्या रंगाचं कापड. खाली निळ्या लाटा. दूरच्या टोकाला एक ढाल, तिच्यात कापसाचं बोंड आणि बोंडावर एक अर्धगोल. ढालीच्या दोन्ही बाजूंना केळीची पानं, खाली एक फीत. फीत कोरी होती.

मी वही काढली. कुठून काय आलं ते सांगा, म्हटलं. काका लाजले, मग सांगत गेले, आणि सांगताना त्यांना काही लपवावंसं वाटलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. ढाल जरीच्या फिरक्यांच्या खोक्यावरच्या लेबलावरून घेतली होती. त्या लेबलावर दोन्ही बाजूंना सिंह होते.

“मग सिंह कुठे गेले?”

“दोनदा काढा. दोन्ही खेपले कुत्रा दिसना,” काका म्हणाले. “मंग केळीना पानं टाकी दिधा. पानं माले जमतस.”

निळ्या लाटा म्हणजे तापी, असं नाना सगळ्यांना सांगत होते. आमच्या गावांवरून वाहत इथे येणारी तापी, तिच्या मागोमाग आलेलो आपण. काकांनी सांगितलं की लहरियाच्या, म्हणजे लाटांच्या नक्षीच्या, एका साडीची निळी फ्रेम मिलमध्ये पडून होती, घेणाऱ्या पार्टीने तो माल नापास केला होता. मुकादमाने तीनच फ्रेमा वापरू दिल्या. एक आयती मिळाली, म्हणून लाटा. हळदीचं कापड पलसाण्याच्या एका डाईंगमधून आलं होतं, तिथे काकांचा मेहुणा होता. त्या लॉटला सगळीकडे सारखा रंग बसला नव्हता, म्हणून तो रिजेक्ट. जवळून पाहिलं तर डाग दिसायचे.

“आणि हा अर्धगोल?”

काकांनी बोटाने त्यावरची सुरकुती सपाट केली. काकूच म्हणाल्या, “खापर शे ते. त्यास्नी मायनं.”

खापर म्हणजे चुलीवर उलटं घातलेलं मोठं मातीचं भांडं. त्याच्या पाठीवर आमच्याकडच्या बाया पुरणाचे मांडे भाजतात, हातावर फिरवून-फिरवून कोपरापर्यंत रुंद केलेले. काकांची आई गावात लग्नाकार्याला मांडे करायला जायची. तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते. झेंड्यावरची हीच एक गोष्ट कुठून उतरवलेली नव्हती.

मी ते सगळं लिहून घेतलं आणि मला वाटलं, माझ्या हाती एवढं चांगलं पत्रक कधी आलं नव्हतं.

झेंडा गच्चीवर बांबूला लावून पाहिला. तीन दिवसांत ढालीकडचं टोक फाटलं. शिवण उसवली, एका केळीच्या पानाचे धागे सुटून वाऱ्यावर लोंबायला लागले. बांबूजवळचं कापड मात्र कोरं करकरीत. काका मान वर करून बराच वेळ बघत राहिले, मग कपाळावर हात मारला.

“अरे, हाई तर मी साडी काढी!”

त्यांना समजलं ते मला जरा वेळाने समजलं. साडीत सगळा जीव पदरात असतो. नक्षी पातळ-पातळ सुरू होते आणि पदराला येऊन भरते. वीस वर्षं हाताला तीच सवय, म्हणून त्यांनी राजचिन्हही पदरावर टाकलं होतं, काठीपासून सगळ्यांत लांब. साडीचा पदर बाईच्या खांद्यावर असतो, ती तो सांभाळते. झेंड्याचं टोक कोणी सांभाळत नाही. दुसऱ्या बाजूने काठी घालावी तर नेफ्यातच अर्धी ढाल जाणार होती. नव्या फ्रेमा मुकादम देणार नव्हता. काकूंनी टोकाला दुहेरी पट्टी शिवली आणि म्हणाल्या, एका मिरवणुकीपुरतं टिकेल.

मधल्या दिवसांत मी शहरातल्या जुन्या लायब्ररीत जाऊन बसले. नाना म्हणाले होते की जुन्या राजांचा काही झेंडा असेलच, तो शोध आणि याच्याशी जुळव. जाड पुस्तकं धुळीने भरलेली होती आणि पंखा माझ्या टेबलावर पोचत नव्हता. खानदेश या नावाचीच दोन-तीन मूळं सापडली. कोणी म्हणे खानांचा देश, कोणी म्हणे कान्हाचा देश. बुऱ्हाणपूरच्या सुलतानांचं राज्य होतं, त्याआधी यादवांचं, त्यांच्या शिक्क्यावर गरुड होता. नंतर मोगल, मराठे, इंग्रज. प्रत्येकाने आपापलं निशाण आणलं आणि जाताना नेलं. पिकं, सारा, बंडं, दुष्काळ, सगळ्यांची पानं होती. त्या निशाणांचं कापड कोणी विणलं, कोणी रंगवलं, कोणत्या माणसाने कोणत्या टेबलावर वाकून त्यावरचा गरुड काढला, याची एक ओळ नव्हती. मी संतापून पुस्तक आपटलं तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, “बेन, धीरे.”

श्रावणाच्या आधी एका रविवारी सकाळी मंडळाची सभा भरली, शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. सभेत कोणी अहिराणी बोलायचं नाही. सगळे पुस्तकातलं बोलायचे आणि मध्येच अडायचे. झेंडा फळ्यावर लावला होता. लोकांना आवडला. रंग आवडला, लाटा आवडल्या. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “तो वरचा गोल कसला? घुमटासारखा दिसतो.”

पुढच्या बाकांवरचे मागे वळून पाहू लागले. पाच वर्षांपूर्वीच्या दंगलीतलं शहर तिथे बसलेल्या प्रत्येकाला आठवत होतं.

“सूर्य आहे,” नाना पटकन म्हणाले. “उगवता सूर्य.”

काका फळ्याच्या बाजूला उभे होते. त्यांनी मान हलवली, होय म्हणून.

“खापर आहे ते,” मी म्हणाले.

“काय?”

“मांड्यांचं खापर. काकांच्या आईचं.”

हशा पिकला. “मग चूल पण काढा की! पोळपाट-लाटणं कुठंय?” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “राजचिन्ह का स्वैपाकघर?” काकाही हसले. त्यांनी हसताना माझ्याकडे पाहिलं नाही.

नानांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. झेंडा पसंत आहे, ते म्हणाले, पण पत्रकात मूळ नीट यायला हवं. प्राचीन काळापासूनचा आहे, राजांच्या शिक्क्यावरून घेतला आहे, असं. मी म्हटलं, तसं काही सापडलेलं नाही आणि मी तसं लिहिणार नाही.

“पोरी, ऐक,” नाना म्हणाले. ओरडले नाहीत, दिवसभर मजूर हाकून त्यांचा आवाज बसलेलाच असायचा. “ट्रेसरने काढला म्हटलं, तर उद्या प्रत्येक गल्लीतला ट्रेसर नवा झेंडा घेऊन उभा राहील. मग कोणता धरायचा? राजाने काढला म्हटलं की भांडण मिटलं. राजा काही सभेला येत नाही.”

“पण ते खोटं आहे.”

“असेल. तू विचार कर. पुढच्या सभेला आठ दिवस आहेत.”

दोन दिवसांनी काका आमच्या घरी आले. त्यांच्या मिलची सुट्टी होती. बाबा पेपर वाचत होते, आई भाजी निवडत होती. काकांनी चहा घेतला, कपबशी नीट बाजूला सरकवली आणि मला म्हणाले, “तू राजानं लिखी दे ना व.”

मला धक्काच बसला. “काका, तुमचं नाव जाईल त्यातनं. तुम्ही काढलाय तो. मी तर सगळ्यांत वर तुमचं नाव घालणार आहे.”

“माले नाव नको.”

“का नको?”

त्यांनी कपबशी आणखी थोडी सरकवली. मग म्हणाले, “मी एवढ्या साड्या काढ्यात. रस्ताले कोणी बाई जास, तिना आंगवर मना फुलं ऱ्हातस. मी देखस. तिले थोडंच सांगस, मी काढा म्हनीसन? फूल चालनं, बस. हाऊ झेंडाबी चालाले जोयजे. पुढे चालाले जोयजे. राजाना म्हन, नहीतर आनखी कोना म्हन.”

“आणि खापर?”

“सूर्य म्हन. माले ठाऊक शे ना ते काय शे ते.”

मी त्यांना समजावत राहिले. कष्टकऱ्यांचं श्रेय नेहमी राजांनी कसं खाल्लं, आपणच आपल्या हाताने ते कसं देऊन टाकतो, आज तुम्ही गप्प बसलात तर तुमच्या मुलांनाही वाटेल की सुंदर गोष्टी फक्त राजेच करतात. मी चांगलं बोलत होते. माझ्या मागे बाबांच्या पत्रकांनी भरलेली ट्रंक होती आणि तिच्यातली प्रत्येक ओळ माझ्या बाजूने होती. काका ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“तुनं काय जास त्यामा?” शेवटी ते एवढंच म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर मी बाबांना विचारलं. मला वाटलं होतं ते ठामपणे माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी पेपर खाली ठेवला, उजव्या कानात बोट घालून हलवलं. लूमच्या आवाजाने त्या कानाला कमी ऐकू यायचं.

“तुझं तू बघ,” ते म्हणाले. “मी थकलो या सगळ्याला.”

मी खरं लिहिलं. दोन पानं, एका बैठकीत. आजवर लिहिलेल्यांत ते सगळ्यांत चांगलं होतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं. त्यात पलसाण्याचा रिजेक्ट लॉट होता, लहरियाची पडून राहिलेली फ्रेम होती, जरीच्या खोक्याचं लेबल होतं, कुत्र्यासारखे दिसणारे सिंह होते, आणि आपला सगळा जीव पदरात ओतायची सवय असलेला एक कारागीर होता, ज्याने राजचिन्हही पदरावर काढलं. खापराबद्दल एक पूर्ण परिच्छेद होता. शेवटी मी लिहिलं होतं की जगातला प्रत्येक झेंडा कोणा ना कोणा कामगाराने असाच, हाताशी असलेल्या मालातून काढलेला असतो, फरक इतकाच की आपल्याला आपल्या कामगाराचं नाव माहीत आहे. आणि नाव लिहिलं होतं. काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते.

कानबाईच्या आधीच्या रविवारी पुन्हा सभा. मी कागद नानांच्या हातात दिला. माझी अपेक्षा होती की ते मनात वाचतील, रागावतील, आमचं भांडण होईल. मी भांडणाची तयारी करून गेले होते. नानांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, वर्गाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे सगळ्यांनीच ऐकावं.” आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

त्यांनी चेष्टा केली नाही. हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. आवाज बदलला नाही, कुठल्या शब्दावर जोर दिला नाही, सरळ वाचलं. ‘रिजेक्ट लॉट’ आलं तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी फुस्सकन हसलं. जरीच्या लेबलाला चार-पाच जण हसले. कुत्र्यांना सगळा वर्ग हसला. ही माणसं दिवसभर रिजेक्ट मालच हाताळायची. कापडावर डाग पडला की त्यांच्याच पगारातून कापलं जायचं. त्यांना ‘रिजेक्ट’ या शब्दात काव्य दिसावं, ही अपेक्षा लूमवर कधी उभी न राहिलेल्या मुलीचीच असू शकते. पदराचा परिच्छेद आला तेव्हा एकजण बाकावर थाप मारून म्हणाला, “म्हणजे आपण कानबाईच्या पुढे साडी घेऊन नाचायचं?” आणि मग नानांना पुढचं वाचायला जरा थांबावं लागलं.

काका पहिल्या बाकावर बसले होते. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि कान. नानांनी शेवटची ओळ वाचली, त्यांचं नाव वाचलं. आता कोणी हसत नव्हतं, पण त्याने काही फरक पडला नाही.

“खरं असेल सगळं,” मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. ते आधीच्या सभेला नव्हते. “पण पोरी, आम्ही इथे नापास माल म्हणूनच आलो. गावात पोट भरलं नाही म्हणून. वर्षातनं एक दिवस तरी दुसरं काही असावं.”

मी माझी वही मिटली. 

हाच झेंडा हवा असेल त्यांना नानांनी हात वर करायला सांगितले. तीन हात वर आले, त्यातला एक माझा. काकांनी स्वतःचा केला नाही. लायब्ररीतल्या माहितीवरून यादवांच्या गरुडाचा झेंडा करायचा ठरलं, आणि पत्रक शाळेतले एक गुरुजी लिहिणार असं ठरलं. काकांनी फळ्यावरच्या खिळ्यांतून झेंडा सोडवला, दोन टोकं जुळवून, हनुवटीखाली धरून त्याची घडी घातली आणि पिशवीत टाकला. दारात मी त्यांच्यासमोर उभी राहिले. “बाजूले व्हय ना व,” ते म्हणाले. रागाने नाही. मी खरंच वाटेत उभी होते.

बुधवारी धीर करून त्यांच्या घरी गेले. काका खिडकीपाशी बसले होते. काचेवर फिल्म चिकटवलेली होती आणि बाहेरच्या उजेडात ते ब्रशने पंख भरत होते.

“हे काय काका?”

“गरुड.”

“तुम्ही करताय?”

“चार दिनमा दुसरा कोन करी?” त्यांनी ब्रश उचलला, लांबून पाहिलं. “मुकादमनी तीनच फ्रेमा दिध्यात. मंग त्याच धुई टाक्यात.”

त्याच फ्रेमा. जाळीवरचा लेप केमिकलने धुतला की आधीचं चित्र जातं, जाळी नव्या चित्राला मोकळी होते. ढाल, बोंड, खापर, सगळं मोरीतून वाहून गेलं होतं.

काकू आतून आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी कडू बोलल्या नव्हत्या.

“तुले काय भेटनं व हाई लिखीसन?”

“ऱ्हाऊ दे,” काका म्हणाले.

“काय ऱ्हाऊ दे? महिनाभर झोपना नहीत तुम्ही. हिनी दोन कागद लिखात आनि हुई गयं.”

मी म्हणाले की मी खरं तेच लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, खरं सगळ्यांना माहीतच होतं, ते कोणी विचारलं होतं का? मी माफी मागायला गेले होते, आणि माफी मागायची कशाची हेच मला नीट सांगता येईना. खोटं लिहिलं नाही याची? त्याची मी आजही मागणार नाही. पण ज्या सत्याची किंमत दुसरा देणार होता ते मी त्याला न विचारता खर्चून टाकलं, हे तेव्हा मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी तिथे बोलता आलं नसतं.

“चोच कशी दिसस?” काकांनी मध्येच विचारलं. “पोपट तर नही वाटत?”

“नाही,” मी म्हणाले. “गरुडच वाटतो.”

सोमवारी मिरवणूक निघाली. काही बाया डोक्यावर कानबाई घेऊन, काही फुगड्या घालत चालल्या होत्या, बँडवाला गालफडं फुगवून वाजवत होता. पुढे गरुडाचा झेंडा. गरुड काठीजवळ होता, भरीव, एकेक पीस वेगळं दिसणारं. रस्त्याकडेच्या एका गुजराती बाईने शेजारणीला विचारलं की हे कोणाचं, आणि शेजारीण म्हणाली, खानदेशवाळानुं. मी कडेकडेने चालत होते. कालव्याच्या अलीकडे गर्दी थांबली तेव्हा शेजारी काका आहेत हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्या हातात गुरुजींचं पत्रक होतं, गुलाबी कागदावर छापलेलं.

“चष्मा घर ऱ्हायना,” ते म्हणाले. “वाची दाखाड.”

मी कागद घेतला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हे निशाण हजार वर्षांपूर्वी राजांच्या महालावर फडकत होतं. मी बँडच्या वर आवाज काढून वाचू लागले. काका माझ्याकडे कान करून, झेंड्याकडे बघत ऐकत होते. गरुडाचे पंख म्हणजे शौर्य, चोच म्हणजे न्याय, असं पुढे होतं. तिथे मी थांबले. एवढा उघड खोटेपणा मी आयुष्यात कधी मोठ्याने वाचला नव्हता.

“चांगलं लिखेल शे,” काका म्हणाले. “पुढे वाच ना व.”

मी पुढचं वाचलं. अजून अर्धं पान होतं.